दार लागणारा खेळ

शनिशिंगणापुरात घरे आहेत, घरांना चौकटी आहेत, परंतु चौकटींना कवाडे नाहीत, ही गोष्ट ऐकून ठाऊक असणे निराळे, आणि भर दुपारी तेथील एखाद्या ओसरीवर बसले असता समोरच्या घरातील हंड्याकळशांची उतरंड, भिंतीवरचे देव आणि बाजेवर निजलेले मूल एकाच दृष्टिक्षेपात दिसू लागल्यावर आपली नजर ठेवावी कोठे, या संकोचात पडणे निराळे. कुलूप हे घरधन्याच्या संरक्षणासाठी असते अशी माझी समजूत होती. पाहुण्याच्या डोळ्यांनाही त्याचा केवढा आधार असतो, हे मला त्या दिवशी कळले.

ज्यांच्या ओसरीवर मी बसलो होतो ते यजमान नेवासे तालुक्याच्या शाळांत हयात घालवून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. शेजारच्या आरामखुर्चीत होते ते त्यांचे जुने स्नेही, नगरच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, ऐंशी उलटूनही ताठ बसणारे भाऊसाहेब. वार शनिवार नव्हता, अमावास्याही दूर होती. त्यामुळे शनिदेवाच्या चौथऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर तेलाच्या बाटल्या विकणारे सोडले तर गाव आपल्या मूळच्या शांततेत होते. अंगणात गुरुजींचा नातू बॅडमिंटनची रॅकेट घेऊन फूल उडवीत होता. परंतु उसाच्या फडांवरून येणाऱ्या वाऱ्याने ते दर वेळी त्याच्या हातातोंडाशी येऊन हिसकावून न्यावे आणि शेवटी एकदा शेजारच्या धाब्यावरच नेऊन टाकावे, असा प्रकार चालला होता. त्या फुलावरूनच दोघां वृद्धांत जो वाद झाला, तो जसा स्मरतो तसा येथे लिहितो.

गुरुजी : पाहिलेत, भाऊसाहेब? पाच ग्रॅमच्या आसपास वजन आणि सोळा पिसे. देवाने वाऱ्याला दिलेले हे खेळणे माणसाने आपल्या हाती घेतले आणि मग वाऱ्याचीच अडचण वाटू लागली! हा खेळ खेळायचा तर चार भिंती पाहिजेत, उंच छप्पर पाहिजे, आणि दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या पाहिजेत. या खेळाला दार लागते. आमच्या गावात नेमकी त्याच वस्तूची वाण.

भाऊसाहेब : गुरुजी, खेळाची बाजू राहू द्या, पण इतिहासाची बाजू तुम्ही चुकता. या खेळाला आज जे रूप आहे त्याचे पहिले नियम आपल्या पुण्याच्या छावणीत, गेल्याच्या गेल्या शतकात, 1870 च्या सुमारास गोऱ्या अंमलदारांनी बांधले, आणि काही काळ या खेळाचे नावच ‘पूना’ असे होते. मागाहून तो विलायतेस गेला, बॅडमिंटन नावाच्या हवेलीवरून त्याचे बारसे झाले, आणि तिकडच्या थंडीवाऱ्यामुळे तो घरात शिरला. म्हणजे जन्म उघड्यावरचाच. दार मागाहून लागले.

गुरुजी : जन्म कोठेही होवो, वाढला तो जिमखान्यात. कुस्तीला हौदाभर तांबडी माती पुरते, हुतुतूला काठीने ओढलेल्या चार रेघा पुरतात. तुमच्या या खेळाला मात्र लाकडी जमीन, दिव्यांची रांग आणि सभासदत्वाची वर्गणी. तुम्ही ज्यांचे नाव घेता घेता थकत नाही ते नंदू नाटेकर मोठे खेळाडू होते हे मी नाकबूल करीत नाही. पण त्यांची ती सारी कीर्ती बंद दाराआडची. आमच्या गावच्या मुलाला तिचा उपयोग काय?

भाऊसाहेब : उपयोगाचे मागाहून पाहू. आधी माणूस कोण होता ते रुजू करून घ्या. जन्म सांगलीचा, 12 मे 1933. रॅकेट प्रथम हाती घेतली ती टेनिसची, आणि त्या खेळातही गडी कच्चा नव्हता. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. तेथे समोर उभे होते रामनाथन कृष्णन, जे पुढे 1960 आणि 1961 या लागोपाठच्या दोन वर्षी विंबल्डनची उपांत्य फेरी खेळले. नाटेकर हरले, आणि हरल्यावर त्यांनी आपली वाट बदलली. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. आपल्याकडे पराभवानंतर माणूस एकतर नशिबाला बोल लावतो, नाहीतर तेथेच डोके आपटीत बसतो. पराभवाचा फैसला शांतपणे वाचून, आपला मुलूख हा नव्हे, तो पलीकडचा, असे विशीच्या आत ओळखणारा विरळा.

गुरुजी : आणि पलीकडच्या मुलखात काय मिळवले? तुम्ही महसूल खात्यातले. काढा पाहू खातेउतारा.

भाऊसाहेब : काढतो. विसाव्या वर्षी, 1953 साली, एकेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद; आणि एकेरीत ते एकंदर सहा वेळा. दुहेरीत सहा, मिश्र दुहेरीत पाच. म्हणजे सतरा राष्ट्रीय अजिंक्यपदे. 1954 साली ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. 1956 साली क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद. परदेशी भूमीवर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू तो हाच. 1951 पासून 1963 पर्यंत थॉमस चषकाचे सामने. त्यांत एकेरीचे सोळा खेळून बारा जिंकले, दुहेरीचे सोळा खेळून आठ. संघाचे नेतृत्व केले. 1961 साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत बॅडमिंटनतर्फे नाव लागले ते नाटेकरांचे.

गुरुजी : उतारा भरगच्च आहे, पण इतर हक्कांच्या रकान्यात एक बोजा दिसतो तो तुम्ही झरकन वाचून पुढे गेलात. ऑल इंग्लंडची उपांत्यपूर्व फेरी! त्या खेळाचे पंढरपूर तेच ना? मग हा वारकरी चंद्रभागेच्या अलीकडच्या काठावरून परतला म्हणायचा. ज्या वर्षांत हे खेळत होते त्या वर्षांत मलायाच्या वाँग पेंग सून आणि एडी चूंग यांनी ती स्पर्धा पुनःपुन्हा जिंकली. आपला माणूस तेथे विजेता झाला तो 1980 साली, प्रकाश पदुकोण. तुमच्या नाटेकरांची कारकीर्द म्हणजे सुरेख अक्षरात लिहिलेली, पण शेवटचे पान नसलेली पोथी.

भाऊसाहेब : आपल्या माणसाला पदुकोणपर्यंत पोचायला किती वेळ लागला हे मोजता, तर कोठून निघावे लागले हेही मोजा. नाटेकरांच्या उमेदीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये नव्हता. तो तेथे आला 1992 साली. जागतिक अजिंक्यपद नव्हते. ते सुरू झाले 1977 साली. आशियाई क्रीडास्पर्धेत तो आला 1962 साली, जेव्हा नाटेकर एकोणतिशीचे होते. थॉमस चषक तीन वर्षांतून एकदा. आज महिन्याला एक मोठी स्पर्धा असते, हरलेला खेळाडू दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या देशात चूक दुरुस्त करतो. त्या काळी चूक दुरुस्त करण्याची तारीखच एकेका वर्षाने तहकूब होई. आणि क्वालालंपूरचे म्हणाल, तर त्याला किरकोळीत काढू नका. थॉमस चषक 1949, 1952 आणि 1955 असा ओळीने तीन वेळा मलायाने जिंकलेला. त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच मलायात जाऊन स्पर्धा जिंकणे म्हणजे कोल्हापूरच्या तालमीत जाऊन कोल्हापूरकरांची गदा खांद्यावर टाकून परत येणे होय.

गुरुजी थोडे हसले. कुस्तीचा दाखला त्यांना लागू पडला असावा. पण हातचा मुद्दा सोडणारे ते नव्हते.

गुरुजी : बरे, पराक्रम मान्य. आता मी माझा खरा आक्षेप मांडतो. तुम्हीच मला हजार वेळा सांगितले आहे की नाटेकरांचा खेळ बळाचा नव्हता, चकव्याचा होता. हात स्मॅश मारण्यासाठी उचलायचा, समोरच्याचे डोळे आणि पाय मागे न्यायचे, आणि शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडून फूल जाळीलगत अलगद टाकून द्यायचे. बॅकहँडने एक दिशा दाखवायची आणि दुसरीकडे मारायचे. भाऊसाहेब, या गावात बसून बोलतो आहोत आपण. येथे खोटे वागणाऱ्याला शनिदेव पाहून घेतो, या श्रद्धेवर घरे उघडी आहेत. ज्या कलेचा पायाच फसवणूक आहे तिचे कौतुक मी मुलांपुढे कोणत्या तोंडाने करू?

भाऊसाहेब : हा प्रश्न मला आवडला, कारण मी स्वतः तो अनेक वर्षे मनात बाळगला आहे. विद्यार्थिदशेत मुंबईस असताना मी त्यांचा खेळ जिमखान्याच्या कठड्याला टेकून पाहिला आहे. तेव्हाची रॅकेट लाकडी चौकटीची, आजच्याहून जड; पण त्यांच्या हाती ती आहे असे वाटतच नसे, मनगटच लांबवले आहे असे वाटे. आणि मी पाहत होतो काय? पहिल्या काही मिनिटांत समोरचा खेळाडू फसे. त्यानंतर त्याला कळलेले असे की हा शेवटच्या क्षणी हात फिरवतो. आम्हा प्रेक्षकांना कळलेले, पंचांना कळलेले, मैदानाच्या रेषा आखणाऱ्यालाही कळलेले. आणि तरीही तो पुन्हा फसे! आता मला सांगा, ज्या चोराची युक्ती सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्याला चोरी करता येईल काय?

गुरुजी : येणार नाही. युक्ती उघडी पडली की चोराचा धंदा बुडाला.

भाऊसाहेब : हाच भेद. फसवणूक अंधारात जगते. कळली की मरते. नाटेकरांचा चकवा कळल्यावरही जिवंत राही, कारण तो लपवण्यावर उभा नव्हता, थांबण्यावर उभा होता. प्रतिस्पर्धी ज्या क्षणी पाऊल उचली त्या क्षणापर्यंत ते आपला निर्णय हातात धरून ठेवीत, आणि मग त्याने जी जागा मोकळी केली तेथे फूल ठेवीत. खोटे ते बोलतच नसत. समोरच्याने घाई करून जे गृहीत धरले, त्याचा दंड तेवढा वसूल करीत. आपल्या शनिदेवाचे नाव काय, गुरुजी? शनैश्चर, हळू चालणारा. तोही काही लपवीत नाही. माणूस घाईत जे करून बसतो त्याचा हिशेब तो सावकाश मांडतो.

यावर गुरुजींनी बराच वेळ उत्तर दिले नाही. समोरच्या घरातले मूल जागे झाले होते, आणि त्याच्या आईने त्याला कडेवर घेतलेले आम्हां तिघांनाही, न पाहण्याचा यत्न करूनही, दिसत होते.

गुरुजी : तुम्ही शब्दांत हुशार. माझ्या नातवाने परीक्षेत चकवा दिला तर मी ही व्याख्या त्याला सांगणार नाही, एवढे नक्की. पण खेळात दोघांनी आधी कबूल केलेली ती लढत असते, आणि कबुलीत लबाडी राहत नाही, हे मी मान्य करतो. कुस्तीतला डावही अखेर असाच. तरी माझे मूळ दुखणे तसेच आहे. उघड्या अंगणात मोठा होणारा मुलगा आणि बंद दाराआडचा खेळ, यांची गाठ पडायची कशी? आमच्या गावात निदान दार नाही. ये म्हणायलाही कोणी लागत नाही.

भाऊसाहेब : येथे मात्र मला तुम्हांला थोडे दुखवावे लागेल. दार नसणे आणि वाट मोकळी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. तुमच्या चौथऱ्याला छप्पर नाही, भिंत नाही, दार नाही; ऊन, पाऊस, वारा सगळ्यांना मुभा. आणि तरी त्या चौथऱ्यावर पाऊल ठेवण्याची मुभा स्त्रियांना मिळाली ती 2016 साली, उच्च न्यायालयाने निकाल दिल्यानंतर. न दिसणारे कवाड होते ते. त्याला कडी नव्हती म्हणून ते उघडताही येत नव्हते. उलट त्या बंद दाराआडच्या खेळाकडे पाहा. प्राध्यापक दि. ब. देवधर, क्रिकेटचे, त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन या 1940 च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवीत होत्या. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातल्या मुली रॅकेट घेऊन गावोगाव जात होत्या, तेव्हा कित्येक उघड्या जागा त्यांना बंद होत्या. नाटेकर ज्या वातावरणात वाढले त्याची पायवाट या बहिणींनीही तुडवलेली होती.

गुरुजींनी मान खाली घातली. मला वाटले ते रागावले. पण ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीहून सौम्य होता.

गुरुजी : तो बोल मी झेलतो. माझ्या सौभाग्यवतीने जन्मभर त्या चौथऱ्याला खालूनच हात जोडले, आणि ते मला कधी खटकले नाही, हे आज खटकते. पण भाऊसाहेब, एका दाराचा दोष दाखवल्याने दुसरे दार उघडे होत नाही. देवधरांच्या मुलींना पुणे होते. नाटेकरांना सांगली सोडून मुंबई होती. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून हजारो मुले गेली. त्यांतल्या एखाद्याच्या मनगटात नाटेकरांचे मनगट नसेलच असे तुम्ही छातीठोकपणे म्हणाल? ते मनगट ऊसतोडीला गेले असेल, ट्रॅक्टरच्या चाकावर गेले असेल. त्याचा तोटा तुमच्या कोणत्या दफ्तरात नोंदला आहे?

भाऊसाहेब : कोणत्याच नाही. येथे मी हरलो, लिहून घ्या. नाटेकरांच्या काळातले खेळाडू हौशी, म्हणजे खेळातून कवडी न मिळवणारे. त्या निर्मोहीपणाचे मी इतकी वर्षे गोडवे गाइले. परंतु खेळातून काही मिळवायचे नाही असा नियम केला, की ज्याच्या घरी आधीच चार घास आहेत तोच खेळणार, हे त्या नियमाच्या पोटात लिहिलेले असते. तो नियमही तुमच्या चौथऱ्यासारखाच. कवाड दिसत नव्हते एवढेच. त्या व्यवस्थेतूनही असा खेळाडू निघाला हे भाग्य, पण त्याबद्दल व्यवस्थेला इनाम देण्याचे कारण नाही.

गुरुजी : आता तुम्ही माझ्यापेक्षा कडवे झालात! अहो, माणसाचे श्रेय माणसाला ठेवा. पंधरा वर्षांहून अधिक काळ त्याने खेळ टिकवला म्हणता. पंधरा म्हणजे साडेसात दुणे पंधरा. लोकांना एक साडेसाती जड जाते, याने दोन साडेसात्या दुसऱ्यांच्या मागे लावल्या!

या विनोदाला स्वतः गुरुजीच सर्वांत अधिक हसले, आणि त्या हसण्यात मघाचा ताण ओसरून गेला.

भाऊसाहेब : आणि गंमत अशी की जी रॅकेट त्यांनी कृष्णनपुढे हरून खाली ठेवली, ती त्यांच्या मुलाने उचलली. गौरव नाटेकर टेनिस खेळले, आणि 1994 साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आले. नाटेकर गेले 28 जुलै 2021 रोजी, पुण्यास, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. टोकियोत तेव्हा ऑलिंपिक चालू होते, बॅडमिंटनचे सामने घरोघर पडद्यावर दिसत होते. पुण्यात ज्या खेळाचे नियम बांधले गेले त्या खेळाचा पहिला मोठा भारतीय जेता पुण्यातच शांत झाला. तुमची शेवटचे पान नसलेली पोथी, गुरुजी. पण त्या पानाची जागा सोडून तो लिहून गेला, म्हणून पुढच्यांना ते कोठे लिहायचे हे कळले.

दिवस कलला होता. फडांवरचा वारा, संध्याकाळी त्या भागात पडतो तसा, एकाएकी पडला. नातू धाब्यावरून फूल घेऊन केव्हाच उतरला होता. त्याने बाजेची दोरी सोडून दोन खांबांना ताणून बांधली आणि शेजारच्या मुलीला पलीकडे उभे केले. गुरुजींनी विचारले, गुण कसे मोजतोस? तो म्हणाला, प्रत्येक फेरीला ज्याने जिंकले त्याला एक.

भाऊसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. “2006 पासून तसेच आहे खरे,” ते म्हणाले, “पण नाटेकरांच्या वेळी सर्व्हिस ज्याच्या हाती त्यालाच गुण. दुसऱ्याच्या सर्व्हिसवर तू कितीही सुंदर फेरी जिंकलीस, तरी मिळायची ती फक्त सर्व्हिस; गुण नव्हे. आधी कब्जा, मग सातबाऱ्यावर नाव.”

“मग जिंकूनही काही मिळायचे नाही?” त्या मुलीने विचारले.

“मिळायचा की,” गुरुजीच उत्तरले, “गुण मिळवण्याचा हक्क मिळायचा.” आणि हे बोलून ते स्वतःच क्षणभर थबकले; बहुधा आपल्या हाताखालून गेलेली ती हजारो मुले, जी फेऱ्या जिंकत गेली आणि ज्यांच्या हाती सर्व्हिस कधी आलीच नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावीत. मग ते उठले, धोतराचा सोगा खोचून दोरीपाशी गेले, आणि फूल नातवाच्या हातून काढून घेऊन त्यांनी ते पलीकडच्या मुलीच्या तळहातावर ठेवले.

“जुन्या नियमाने खेळा,” ते म्हणाले. “पहिली सर्व्हिस हिची.”